टाइप-२ मधुमेहाचं निदान झाल्यावर पहिले तीन महिने: ताट, चालणं आणि मोजमाप

रिपोर्ट हातात पडतो, एका आकड्यापुढे ठळक खूण असते, आणि त्या दिवसापासून भेटेल तो सल्ला देऊ लागतो. हे बंद करा, ते सुरू करा, अमक्या बिया भिजवून खा, तमक्या पानांचा रस प्या. मी पहिल्या आठवड्यात घाबरून भात सोडला, फळं सोडली, रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. तिसऱ्या आठवड्यात सगळं पूर्ववत झालं, कारण पोट मारून फार दिवस कुणालाच काढता येत नाहीत. मला खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. काय खाल्लं की माझी साखर किती चढते आणि जेवून थोडं चाललं की किती उतरते, हे मी स्वतः मोजून पाहायला शिकलो. पथ्याची यादी सगळ्यांना एकच मिळते, पण एकाच जेवणाला दोन माणसांची साखर वेगवेगळा प्रतिसाद देते. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या मोजमापाच्या भोवती बांधल्या आहेत.

हा लेख टाइप-२ मधुमेहाचं नव्याने निदान झालेल्या प्रौढांसाठी आहे. गरोदरपणातला मधुमेह, टाइप-१ आणि मूत्रपिंडाचा आजार जडलेला मधुमेह यांची गणितं निराळी असतात, तिथे डॉक्टर सांगतील तेच करा. आणि आहार-व्यायाम सुरू केला म्हणून चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर सहावी पायरी सगळ्यात आधी वाचा.

पायरी १: रिपोर्टवरचे आकडे ओळखीचे करून घ्या

उपाशीपोटीची साखर म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही न घेता केलेली तपासणी. ती १०० च्या खाली असली की ठीक, १०० ते १२५ ही मधुमेहाची पूर्वावस्था आणि १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातले आहेत. काही देशांत मिलिमोल हे माप चालतं. तसा रिपोर्ट असेल तर आकड्याला १८ ने गुणा. ७ मिलिमोल म्हणजे १२६.

दुसरा आकडा एचबीएवनसीचा. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यामुळे ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवते. आदल्या दिवशी उपास करून तो बदलत नाही. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं की मधुमेह समजतात. ६ टक्के म्हणजे सरासरी साखर १२६ च्या आसपास, ७ म्हणजे १५४ आणि ८ म्हणजे १८३. रक्तक्षय असेल, नुकतंच रक्त दिलं-घेतलं असेल किंवा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल, तर हा आकडा फसवा निघू शकतो. तसं काही असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा.

बहुतेक प्रौढांसाठी ठेवलं जाणारं लक्ष्य असं: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवायला सुरुवात केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत, आणि एचबीएवनसी ७ च्या आत. वय बरंच झालेलं असेल, हृदयविकार असेल किंवा साखर वरचेवर घसरत असेल तर डॉक्टर हे लक्ष्य मुद्दाम सैल ठेवतात. तुमचं लक्ष्य त्यांच्याकडून विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ७ गाठता आलं नाही म्हणून खचूही नका. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या पाच हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात असं दिसलं, की एचबीएवनसी एका टक्क्याने कमी असेल तर डोळे, मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या दुखण्यांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे ९.५ वरून ८.५ वर येणं ही खरीखुरी कमाई आहे.

आता एक हिशेब समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि साखर १०० असताना त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम पाच ग्रॅम, चहाचा एक चमचाभर. शिजवलेल्या १५० ग्रॅम भातातून ४० ग्रॅमच्या वर कर्बोदकं पोटात जातात, आणि पचून त्यांचं जवळजवळ सगळं ग्लुकोज होतं. रक्तात जेवढं आहे त्याच्या आठपट ग्लुकोज दोन-तीन तासांत रक्तातून काढून पेशींमध्ये पोचवायचं असतं. ते काम इन्सुलिन करतं आणि त्यातला मोठा वाटा स्नायू उचलतात. टाइप-२ मध्ये स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात, आणि हळूहळू स्वादुपिंडही थकतं. म्हणून आपल्या हातात दोन गोष्टी उरतात: ग्लुकोज रक्तात येतं त्याचं प्रमाण आणि वेग, आणि ते ओढून घेणारे स्नायू. आहार पहिल्यासाठी, व्यायाम दुसऱ्यासाठी.

पायरी २: जोडीने मोजायला शिका

ग्लुकोमीटर घेतलेले बरेच जण रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचतात, आकडा पाहून खूश किंवा उदास होतात, आणि दिवसभर त्याचा काही उपयोग करत नाहीत. सुटा आकडा शिकवत नाही. दोन आकड्यांमधला फरक शिकवतो.

पद्धत सोपी आहे. पहिला घास घेण्याआधी एकदा मोजा. पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा मोजा. जेवण संपल्यापासून नाही, सुरू झाल्यापासून. वहीत पाच रकाने आखा: तारीख, जेवणाआधीची साखर, काय आणि किती खाल्लं, जेवणानंतर काय केलं (बसलो, झोपलो, चाललो), दोन तासांनंतरची साखर. चढ ५० च्या वर गेला की मी त्या जेवणावर खूण करतो आणि पुढच्या वेळी त्यात एकच बदल करतो. भात कमी केला तर चालणं तेवढंच ठेवतो; चालणं वाढवलं तर ताट तेच ठेवतो. दोन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

दिवसाला चार-पाच वेळा टोचायची गरज नाही. एक आठवडा फक्त नाश्त्याची जोडी, पुढचा आठवडा दुपारच्या जेवणाची, त्यानंतर रात्रीची. तीन आठवड्यांत तुमच्या नेहमीच्या जेवणांपैकी कुठली जड जातात हे तुम्हाला स्वतःच्या अनुभवावरून माहीत होईल. दंडावर लावायचा सेन्सर वापरत असाल तर हेच आलेखावर दिसतं.

मोजताना हात साबणाने धुऊन नीट कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा भलताच वर जातो, आणि उगीच घाबरायला होतं. टोचायचं ते बोटाच्या टोकाच्या बाजूला, मधोमध नाही. बाजूला दुखतं कमी. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा आणि मुदत पाहा. घरच्या यंत्रांना साधारण १५ टक्के इकडे-तिकडे होण्याची मुभा असते, म्हणून १४८ आणि १५६ हे आकडे सारखेच समजा.

पायरी ३: ताट नव्याने मांडा

वजनकाटा आणि कॅलरींचे तक्ते सुरुवातीला बाजूला ठेवा. सुमारे २३ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे फार मोठं नसलेलं ताट घ्या. अर्धं ताट पिष्ट नसलेल्या भाज्यांनी भरा: पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, काकडी, टोमॅटो, वांगी, घेवडा, भोपळी मिरची. पाव ताट प्रथिनांचं: डाळी-कडधान्यं, अंडी, मासे, चिकन, सोयाबीन. उरलेलं पाव ताट धान्याचं. बटाटा, रताळं, मका ही भाजीच्या नावाखाली येतात, पण मोजायची ती धान्याच्या पाव भागात. बटाट्याची भाजी आणि भात एकाच ताटात आले की धान्याचा वाटा पाव ताटावरून अर्ध्या ताटावर जातो, आणि वहीत तो लगेच दिसतो.

डाळी-कडधान्यांतही कर्बोदकं असतात, हे खरं. पण त्यांच्यात चोथा आणि प्रथिनं बरोबरीने असल्यामुळे ती सावकाश पचतात. त्यांना घाबरून ताटातून काढू नका, शाकाहारी माणसाचा तर तोच मुख्य आधार आहे.

धान्य कुठलं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. अख्खं, कोंड्यासकट धान्य पांढऱ्यापेक्षा चांगलं, यात शंका नाही. पण किती खाल्लं याचा फरक कुठलं खाल्लं यापेक्षा मोठा असतो. अख्ख्या धान्याचंही पीठ अगदी बारीक दळलं की ते लवकर पचतं. ‘पौष्टिक’ म्हणून दुप्पट खाल्लेलं धान्य साखर दुप्पट चढवतं. माझ्या वहीत ही चूक सलग नऊ दिवस लिहिलेली आहे, आणि चुकतंय कुठे ते कळायला तेवढे दिवस लागले.

तेल, तूप, दाणे, बिया यांनी साखर थेट चढत नाही. मात्र एका ग्रॅममध्ये कर्बोदकांच्या चार कॅलरी असतात, तर स्निग्धाच्या नऊ. दाण्यांची मूठ मोजून घ्या, डबा पुढ्यात घेऊन बसू नका.

*खाण्याचा क्रम.* काही न वगळता फरक पाडणारी ही एक गोष्ट आहे, म्हणून सुरुवातीलाच करून पाहा. आधी भाजी आणि कोशिंबीर, मग प्रथिनं, शेवटी धान्य. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये टाइप-२ असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. धान्याचे पदार्थ शेवटी खाल्ले तेव्हा तासाभरानंतरची साखर एक तृतीयांशाहून जास्त कमी होती. अकरा माणसं म्हणजे अभ्यास छोटाच, पण तुमच्याकडे यंत्र आहे. बाराव्या माणसावर, म्हणजे स्वतःवर, करून पाहा.

*पेयं.* इथे मात्र मी सवलत देणार नाही. गोड पेयं बंद. ३३० मिलिलिटरच्या एका गोड शीतपेयाच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, आणि चावायचं काही नसल्याने ती झपाट्याने रक्तात उतरते. फळांचा ताजा, घरी काढलेला रसही याच रांगेत बसतो. चोथा गाळणीत राहतो आणि तीन-चार फळांची साखर एका पेल्यात येते. मधाचंही तसंच, शरीराच्या दृष्टीने ती साखरच. चहा-कॉफीतली साखर एका झटक्यात सुटत नसेल तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा. जीभ महिना-दीड महिन्यात सरावते.

*फळं.* फळं सोडू नका. अख्खं फळ, एका वेळी एक, शक्यतो चावून खायचं. एक लहान सफरचंद किंवा अर्धं मोठं केळं म्हणजे साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं. मनुकांचे जेमतेम दोन मोठे चमचे भरले की तेवढीच होतात, म्हणून सुक्या फळांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. ग्लायसेमिक इंडेक्सचे, म्हणजे कुठल्या पदार्थाने साखर किती चढते ते आकड्यात सांगणारे तक्ते तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. टोरांटोत डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही कल्पना उपयोगाची आहे, पण तो आकडा एकच पदार्थ रिकाम्या पोटी, ठरावीक कर्बोदकं भरतील एवढा खाऊ घालून काढलेला असतो. कलिंगडाचा इंडेक्स जास्त आहे, तरी त्यात पाणीच इतकं की एका फोडीने फारसं बिघडत नाही. तक्ता आणि तुमची वही यांचं पटलं नाही, तर वहीवर विश्वास ठेवा.

*पाकिटावरचं लेबल.* ‘साखरविरहित’ किंवा ‘मधुमेहींसाठी’ अशी अक्षरं पाहून पाकीट उचलू नका. त्यात मैदा आणि तेल भरपूर असू शकतं. मागची बाजू वाचा, ‘एकूण कर्बोदकं’ ही ओळ शोधा, आणि तो आकडा १०० ग्रॅमसाठी आहे की दोन बिस्किटांसाठी ते बघा. साखरेची ओळ शून्य असली तरी एकूण कर्बोदकं ७० ग्रॅम असू शकतात.

जेवणाच्या वेळा शक्यतो ठरलेल्या ठेवा. दुपारी काही न खाता रात्री भरपेट जेवण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. मिठावर दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा, कारण रक्तदाब आणि मधुमेह पुष्कळदा हातात हात घालून येतात. मद्याबद्दल एवढंच: यकृत ते निवारण्यात गुंतलं की गरजेच्या वेळी ग्लुकोज सोडू शकत नाही. इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असताना रिकाम्या पोटी घेतलेल्या मद्याने साखर मध्यरात्रीही घसरू शकते.

पायरी ४: जेवणानंतर दहा मिनिटं चाला

पहाटे उठून तासभर चालायचा निश्चय फार थोड्यांचा टिकतो. जेवून उठल्यावर दहा मिनिटं चालणं टिकतं, आणि साखरेच्या हिशेबात ते अधिक नेमकं लागू पडतं. न्यूझीलंडमध्ये टाइप-२ असलेल्या ४१ जणांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच तुलना केली होती: दिवसातून कधीही सलग ३० मिनिटं चालणं, आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चालणं. एकूण वेळ सारखाच. तरी जेवणानंतर चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. रात्री आपण जेवतो जास्त आणि हलतो कमी, तेव्हा नेमकी तिथे मदत मिळते.

यामागचं कारण मला फार दिलासा देणारं वाटतं. आकुंचन पावणारा स्नायू ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्सुलिनची वाट पाहत नाही. त्याच्या पेशीतली ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिनं हालचालीमुळेच पृष्ठभागावर येतात आणि रक्तातलं ग्लुकोज आत ओढतात. इन्सुलिनचा मार्ग अडलेला असतानाही हा दुसरा मार्ग मधुमेहात चालू राहतो.

सुरुवात अशी करा. पहिला आठवडा फक्त रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात दुपारचंही जोडा. तिसऱ्यात नाश्त्यानंतरचं. जेवण संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत निघा. पोट जड वाटत असेल तर दहा मिनिटं थांबून निघा. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. तिन्ही जेवणांनंतर रोज चाललात तर आठवड्याची २१० मिनिटं होतात. प्रौढ मधुमेहींना सांगितली जाणारी किमान मर्यादा १५० मिनिटांची आहे. सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका, कारण व्यायामाने इन्सुलिनला मिळणारी साथ एक ते तीन दिवसांत ओसरते. आठवड्याचं सगळं चालणं रविवारी भागवता येत नाही ते यामुळेच.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून पावलं मारा, स्थिर सायकल चालवा किंवा पोहा. बैठं काम असेल तर दर अर्ध्या तासाने उठा. फोनवर बोलताना उभं राहायची सवय लावा.

पायांकडे मात्र रोज लक्ष द्या. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत गेल्या तर बूट चावलेला कळत नाही, आणि छोटा फोड महिनोन्‌महिने चिघळतो. बूट घालण्याआधी आत हात घालून खडा, सुरकुती आहे का पाहा, घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. अनवाणी चालू नका. चालताना छातीत दाब आला, दम लागून बोलता येईना किंवा जबडा-हात दुखू लागला, तर थांबा आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्या. बरीच वर्षं मधुमेह अंगात असून आता कळला असेल, किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर जोराचा व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. साखर २५० च्या वर आणि अंगात कणकण, मळमळ असेल, त्या दिवशी पाणी प्या आणि विश्रांती घ्या.

पायरी ५: स्नायू कमवा

चालण्याने असलेले स्नायू ग्लुकोज ओढतात. ताकदीच्या व्यायामाने ग्लुकोज साठवायची जागाच वाढते. वय वाढेल तसा स्नायू झिजत जातो आणि ती जागा आकसते, म्हणून पन्नाशी-साठीच्या लोकांना मी हे आग्रहाने सांगतो.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीला तळहात टेकून जोर काढणं. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणं. पाण्याने भरलेल्या बाटल्या हातात घेऊन कोपरातून वाकवणं आणि खांद्याच्या वर नेणं. प्रत्येक प्रकार १० ते १५ वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. शेवटचे दोन-तीन काढताना कष्ट पडले पाहिजेत. श्वास कोंडून धरू नका. जोर लावताना सोडा. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला असेल तर जड वजन उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारा, कारण जोर लावताना नव्याने वाढलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटू शकतात.

जोरकस व्यायामानंतर साखर थोडी वर गेलेली दिसली तर गोंधळू नका. अ‍ॅड्रेनलिनमुळे यकृत ग्लुकोज सोडतं आणि ती काही वेळाने खाली येते.

पायरी ६: साखर घसरली तर काय करायचं

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर सहसा धोकादायक घसरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी केल्यावर आणि चालणं वाढवल्यावर ती घसरू शकते. म्हणून बदल सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. कदाचित ते मात्रा कमी करतील.

हात थरथरणं, घाम फुटणं, छाती धडधडणं, एकदम कडकडून भूक, चिडचिड, डोकं सुन्न होणं, ही लक्षणं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर धडधड जाणवणार नाही, घाम मात्र फुटतो. शक्य तर मोजा, आणि ७० च्या खाली असेल तर असं करा:

१. १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या: पाण्यात विरघळवलेली तीन-चार चहाचे चमचे साखर, किंवा सुमारे १५० मिलिलिटर फळांचा रस. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे वेळ लागतो.
२. १५ मिनिटं बसा आणि पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा घ्या.
३. साखर वर आल्यावर थोडं धान्य आणि प्रथिनं खा, नाहीतर ती परत घसरते.

अकार्बोज किंवा वोग्लिबोज ही गोळी घेणाऱ्यांनी साधी साखर न घेता ग्लुकोजच घ्यावं, कारण या गोळ्या साध्या साखरेचं पचन लांबवतात. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. थेट रुग्णवाहिका बोलवा. घरातल्या दोन माणसांना तरी हे सगळं आजच समजावून ठेवा. ग्लुकोजची पुडी खिशात असू द्या.

ज्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे जाते (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन), त्या चालू असताना कडक उपास किंवा कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा आहार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो.

पायरी ७: वजनाकडे वेगळ्या नजरेने बघा

वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा या आजाराच्या मुळापाशी जाणारा उपाय आहे. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी कमी झाली की दोघांचंही काम सुधारतं. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीचे निकाल २०१७ च्या डिसेंबरमध्ये आले. सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने देखरेखीखाली दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला आणि नंतर हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होतं. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला, कारण वजन परत वाढलं की साखरही परतते. त्याला डॉक्टर ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, ‘शमला’ म्हणतात, आणि तपासण्या चालूच ठेवतात. एवढ्या कमी कॅलरींचा आहार घरच्या घरी करू नका. आपल्यासाठी महिन्याला दोन किलो हा वेग पुरेसा आहे. वजन आधीच बेताचं असेल किंवा आपोआप उतरत असेल, तर ही पायरी सोडा आणि उतरण्याचं कारण डॉक्टरांना विचारा.

पायरी ८: सगळं नीट करूनही सकाळी साखर जास्त येते तेव्हा

हा प्रश्न नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळतो. रात्री हलकं जेवलो, चाललो, रात्री १३० होती, सकाळी १५५ कशी? पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठ्यातलं ग्लुकोज बाहेर काढतं. मधुमेहात त्याला आवर घालणारं इन्सुलिन अपुरं पडतं. तुमच्या हातून काही चुकलेलं नसतं. रात्रीचं जेवण लवकर घेणं, त्यानंतरचं चालणं आणि पुरेशी झोप यांनी फरक पडतो, पण उपाशीपोटीचा आकडा सहसा सगळ्यात शेवटी सुधारतो. जेवणानंतरचे आकडे आधी खाली येतात, त्यांच्याकडे बघून धीर धरा.

झोप सलग चार-पाच तासच मिळत असेल तर इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. मोठ्याने घोरत असाल, दिवसा पेंग येत असेल, तर झोपेत श्वास अडतो का ते तपासून घ्या. ताप, जंतुसंसर्ग, स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा सांध्यातलं इंजेक्शन यांनीही साखर वर जाते. ते दिवस वहीत वेगळ्या शाईने लिहा. आजारपणात जेवण जात नसेल तर पाणी पीत राहा, साखर अधिक वेळा मोजा, आणि कुठलं औषध चालू ठेवायचं, कुठलं थांबवायचं हे फोन करून विचारा.

पायरी ९: तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना

एचबीएवनसी तीन महिन्यांनी पुन्हा करा. साखर लक्ष्यात स्थिरावली की वर्षातून दोनदा पुरते. सोबत निदानाच्या सुमारासच एकदा, आणि मग वर्षातून एकदा: बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायांच्या संवेदनेची तपासणी. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ ही.

वही घेऊन जा. सगळी पानं वाचायला डॉक्टरांना वेळ नसतो, म्हणून आदल्या रात्री एका कागदावर तीन ओळी काढून ठेवा: कुठल्या जेवणानंतर साखर सगळ्यात जास्त चढते, कधी ७० च्या खाली गेली आणि त्याआधी काय झालं होतं, आणि आठवड्यात किती मिनिटं चालणं झालं. गोळ्यांची पाकिटं आणि यंत्रही पिशवीत टाका. प्रयोगशाळेसाठी रक्त देतात त्याच वेळी स्वतःच्या यंत्रावरही मोजलं तर दोन्हींतला फरक कळतो. आणि सहज निघतील असे बूट-मोजे घाला, कारण पाय दाखवायचे आहेत.